पैसे आज, वस्तू चार महिन्यांनी

ऑर्डर फॉर्मवर ‘अंदाजे आठ ते दहा आठवडे’ असं छापलेलं दिसलं की मी पेन काउंटरपलीकडे सरकवते आणि म्हणते, ‘दादा, इथे तारीख लिहा. दिवस, महिना, वर्ष.’ बहुतेक दुकानदार म्हणतात, ‘मॅडम, आपलं काम चोख असतं, विश्वास ठेवा.’ विश्वास असतोच, त्याशिवाय मी त्या दुकानाची पायरी चढले नसते. तरी तारीख लिहून झाल्याशिवाय मी कार्ड पर्समधून काढत नाही. मुंबईतल्या एका बँकेच्या कार्ड विभागात, डिस्प्यूटच्या टेबलावर, माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. पैसे भरले पण वस्तू आलीच नाही, अशा प्रकरणांचा निकाल तिथे दोनच गोष्टींवर लागायचा: कबूल केलेली तारीख कागदावर आहे का, आणि त्या तारखेपासून किती दिवस उलटले.

आपल्या घरांत अशी खरेदी आता फार वाढली आहे. मॉड्युलर किचन, मापाचा सोफा, भिंतभर वॉर्डरोब, यूपीव्हीसीच्या खिडक्या, छतावरचं सोलर, लग्नाचं लॉन, मे महिन्यातली युरोपची सहल. या सगळ्यांत पैसे आज जातात आणि वस्तू किंवा सेवा काही महिन्यांनी हाती येते. मधल्या काळात तुम्ही त्या दुकानदाराला बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज दिलेलं असतं. बँक त्याच दुकानदाराला पाच लाख देताना ताळेबंद मागते, जामीनदार मागते, जागा गहाण ठेवून घेते. आपण दोन लाख देतो आणि त्याबदल्यात एक गुलाबी कार्बन कॉपी घेऊन घरी येतो.

दुकान सुरळीत चालू असेल तर यात काही बिघडत नाही. बिघडतं ते दुकान बुडाल्यावर. कंपनी दिवाळखोरीत गेली की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम ५३ खाली रांग ठरलेली आहे. आधी त्या प्रक्रियेचाच खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची देणी, मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार, मग विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था, मग सरकारी कर. सोफ्याचा ॲडव्हान्स दिलेला ग्राहक ‘इतर देणी’ या गठ्ठ्यात येतो, आणि तिथवर पोचेपर्यंत तिजोरीत सहसा काही उरत नाही. फ्लॅट घेणाऱ्यांनी मोठा लढा दिला म्हणून २०१८ मध्ये संहितेत दुरुस्ती झाली आणि त्यांना वित्तीय धनकोंच्या पंगतीत जागा मिळाली. किचन, सहल किंवा विमानाचं तिकीट घेणाऱ्यांना ती मिळालेली नाही. गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची विमानं उडायची थांबली. मे महिना, शाळांना सुट्ट्या, महिने महिने आधी काढलेली तिकिटं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला. ज्यांनी तिकिटाचे पैसे कार्डाने भरले होते त्यांच्यासमोर या रांगेबाहेरचा एक रस्ता होता. त्याला आमच्या टेबलावर ‘चार्जबॅक टाकणं’ म्हणत.

हा रस्ता नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक कार्डधारकांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसतं. तुम्ही कार्ड लावता तेव्हा चौघं कामाला लागतात. तुम्हाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला मशीन देणारी बँक, दोघींच्या मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे हे जाळं, आणि दुकानदार. तुमच्या बँकेचे पैसे जाळ्यातून दुकानदाराच्या बँकेकडे जातात आणि ती ते दुकानदाराला देते. पण जाळ्यात शिरताना दुकानदाराच्या बँकेने एक हमी दिलेली असते: माझ्या दुकानदाराने कबूल केलेली वस्तू दिली नाही, तर पैसे परत करायची जबाबदारी माझी. दुकानदाराकडून वसूल करता आले तर ठीक, नाहीतर ती रक्कम बँकेला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. म्हणजे दुकानाला टाळं लागलं, मालकाचा फोन बंद झाला, तरी तुमच्या तक्रारीला उत्तर द्यायला एक जिवंत, पैसेवाली संस्था समोर उभी असते. चेक, एनईएफटी किंवा रोख दिलेल्या ग्राहकाच्या समोर फक्त टाळं असतं.

या हमीमुळेच मशीन देणाऱ्या बँका विमान कंपन्या, सहल कंपन्या, फर्निचरवाले यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. धंदा डळमळीत वाटला की त्या विक्रीच्या पैशातला काही भाग वस्तू पोचेपर्यंत अडकवून ठेवतात. अमेरिकेतल्या फ्रंटियर एअरलाइन्सवर एप्रिल २००८ मध्ये ही वेळ आली. तिच्या कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीने तिकीटविक्रीतला मोठा हिस्सा रोखून धरायचं ठरवलं, आणि रोकड आटेल म्हणून फ्रंटियरने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. ती विमान कंपनी पुढे सावरली आणि आजही उडते आहे. ग्राहकाची ही ढाल किती जड आहे, तिचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, ते त्या प्रकरणात दिसलं.

आता मुदतीबद्दल, कारण उशिरा पोचणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत सगळा घोळ इथेच होतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत न मिळालेल्या वस्तूबद्दल दाद मागायला साधारण १२० दिवस असतात. हे दिवस वस्तू मिळणं अपेक्षित होतं त्या शेवटच्या तारखेपासून मोजता येतात. पण ती तारीख सिद्ध करता आली पाहिजे. नाहीतर मोजणी व्यवहाराच्या तारखेवर येऊन पडते. समजा, तुम्ही १० जून २०२५ रोजी किचनसाठी कार्डाने दीड लाख भरलेत आणि पावतीवर ‘१५ सप्टेंबर २०२५ पर्यंत पोच’ असं लिहून घेतलंत. तुमचे १२० दिवस १३ जानेवारी २०२६ ला संपतात. पावतीवर तारीख नसेल, तर ते ८ ऑक्टोबर २०२५ लाच संपतात, दिवाळीच्या आधी. आणि आपल्याकडे दुकानदाराची आश्वासनं तर सणांवर टांगलेली असतात. गणपती झाले की लगेच, दसऱ्याला नक्की, दिवाळीत तुमच्याच किचनमध्ये फराळ. असं करत करत माणूस आपल्या हक्काच्या पलीकडे जाऊन पोचतो.

वरची हद्दसुद्धा आहे. पोचवण्याची तारीख कितीही पुढची असली तरी व्यवहारापासून ५४० दिवसांनंतर चार्जबॅक टाकता येत नाही. म्हणजे साधारण अठरा महिने. दोन वर्षांनी होणाऱ्या लग्नासाठी आज लॉनचे सगळे पैसे भरलेत, तर लग्नाच्या दिवशी तुमच्या हातात ही ढाल नसेल. शिवाय अनेक बँका आपल्या अटींत बिलावरची हरकत याहून लवकर कळवा असं लिहून ठेवतात. त्यामुळे ठरलेल्या दिवशी वस्तू आली नाही की दुकानाला लेखी विचारायचं, आठवडाभरात पटणारं उत्तर आलं नाही की बँकेला कळवायचं. दुकानदाराने नवी तारीख दिली तर तीही व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर घ्यायची. फोनवर दिलेली तारीख आमच्या टेबलावर कधीच पोचत नसे.

कल्याणचं एक जोडपं मला नीट आठवतं. नवं घर, सोफा आणि दोन वॉर्डरोबची ऑर्डर, निम्म्याहून जास्त रक्कम कार्डाने भरलेली. पावतीवर तारखेची जागा कोरी होती. शोरूम एके दिवशी बंद झालं. मालकाच्या नंबरवर फोन लागेना. फॉर्म बघून माझा सहकारी म्हणाला, ‘मुदत गेली, उपयोग नाही.’ तेवढ्यात त्या बाईंनी मोबाइल पुढे केला. शोरूममधल्या मुलाने त्यांना लिहिलं होतं, ‘ताई, २५ नोव्हेंबरपर्यंत माल घरी येईल, टेन्शन घेऊ नका.’ वर शोरूमचं नाव, खाली तारीख. त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट आम्ही चार्जबॅकला जोडला. समोरच्या बँकेकडून उत्तर आलं नाही आणि कार्डाने भरलेली पूर्ण रक्कम त्यांना परत मिळाली. चेकने दिलेली रक्कम मात्र गेली ती गेलीच. त्याच वेळी त्याच शोरूमचे दुसरे काही ग्राहक येत होते, त्यांच्याकडे अशी एकही ओळ नव्हती. सगळ्यांनी सारखेच कष्टाचे पैसे दिले होते. त्या काळात घरी गेल्यावरही मला ते चेहरे दिसत राहायचे.

तारखेइतकंच महत्त्वाचं आहे पावतीवरचं नाव. ‘आमचं मशीन बंद आहे, शेजारच्या दुकानात स्वाइप करा, सगळं एकच आहे,’ हे वाक्य ऐकलं की थांबा. चार्जबॅक जातो तो ज्याच्या मशीनवर कार्ड लागलं त्याच्यावर. तुमची ऑर्डर एका नावाच्या शोरूमची आणि स्टेटमेंटवर भलत्याच नावाची एंटरप्रायझेस, असं झालं की शेजारचा दुकानदार म्हणतो, ‘मी यांना काही विकलेलंच नाही,’ आणि त्यात तो खोटंही बोलत नसतो. वॉलेटमध्ये आधी पैसे भरून त्यातून रक्कम देण्याचंही तसंच. कार्डाच्या हिशेबात तुम्ही खरेदी केली ती वॉलेटमधल्या शिलकीची, आणि ती शिलक तुम्हाला मिळालेली असते. सहलीचे पैसे एजंटमार्फत भरताना मशीन एजंटचं आहे की सहल कंपनीचं, हे विचारायला लाजू नका.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘एकदा दिलेला ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं. ते वाचून कितीतरी माणसं तक्रार न करताच घरी बसतात. ही अट तुमचं मन बदललं तर लागू होऊ शकते. रंग आवडला नाही, घर घ्यायचं रद्द झालं, अशा वेळी दुकानदार ती दाखवेल. त्याने वस्तूच दिली नाही, तर त्या ओळीमागे त्याला लपता येत नाही.

चार्जबॅक टाकला म्हणजे पैसे आलेच असंही समजू नका. समोरची बँक दुकानदाराला विचारते आणि दुकानदार आपली बाजू मांडतो. पोच पावती, गाडीचं चलन, फिटिंगचे फोटो पाठवतो. मग तुमची बँक तुम्हाला पुन्हा विचारते. वस्तू अजिबातच आली नसेल तर प्रकरण सरळ असतं. अर्धवट आली असेल तर न मिळालेल्या भागापुरतं मागता येतं. सगळ्यात अवघड प्रकरणं किचनची असायची. कॅबिनेट लागलेले, शटर नाहीत, ओट्याखाली पाण्याने फुगलेला प्लाय, आणि फिटिंग करणाऱ्याने घाईत सही घेतलेला ‘काम पूर्ण’ असा कागद. त्या एका सहीने चांगल्या चांगल्या तक्रारी हरलेल्या मी पाहिल्या आहेत. काम अपुरं असेल तर त्याच कागदावर ‘शटर बाकी’ असं स्वतःच्या हाताने लिहा, मग सही करा आणि फोटो काढून ठेवा.

ईएमआयचा प्रश्न नेहमी येतो. खरेदीचे हप्ते करून घेतले असतील, तर तक्रार चालू असताना हप्ते आपोआप थांबत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांबाबत जे सविस्तर निर्देश काढले, त्यांत ग्राहकाने ‘फसवणूक’ म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावू नये असं सांगितलं. वस्तू न आल्याची तक्रार त्या खान्यात बसत नाही. कुणीतरी तुमचं कार्ड चोरून वापरलं ती फसवणूक, आणि तुम्ही स्वतः पिन टाकून केलेली खरेदी ती वेगळी. म्हणून बिल भरत राहा, निदान किमान रक्कम तरी भरा, आणि बँकेने तात्पुरती रक्कम खात्यात जमा केली तरी ती कायमची समजून खर्च करू नका.

कार्डाची किंमतही मोजायलाच हवी. पुढच्या बिलाला पूर्ण रक्कम भरता येणार नसेल, तर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाणारं व्याज ही ढाल कापून खातं. तशा माणसाने कार्डावर मोठी खरेदी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदार ‘कार्डावर दोन टक्के जास्त’ म्हणतो तेव्हा मात्र मी हिशेब करते. एक लाखाला दोन हजार. सगळ्या रकमेला नको वाटत असेल तर पहिला मोठा ॲडव्हान्स तरी कार्डाने द्यावा, कारण सगळ्यात लांब काळ अडकणारी रक्कम तीच असते. शेवटचा हप्ता वस्तू डोळ्यांनी पाहून देता येतो.

आणि काही ठिकाणी कार्ड काढूच नये. येवल्यात हातमागावर मापाची पैठणी विणायला टाकली, काठावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसेल अशी, तर ती अनेक आठवडे, कधी काही महिने मागावर असते. विणकराला ॲडव्हान्स हवा असतो तो रेशीम आणि जर घ्यायला. त्याच्याकडे मशीन नसतं, आणि त्याने ते ठेवावं असा आग्रह धरणं मला बरोबर वाटत नाही. तिथे थोडे थोडे पैसे द्यावेत, मागावर चढलेलं काम बघून पुढचे द्यावेत. चार्जबॅकचा गैरवापर करणारी माणसंही मी पाहिली आहेत. वस्तू मिळाल्यावर न मिळाल्याची तक्रार करणारी. त्यात मार बसतो तो लहान दुकानदाराला, कारण मोठ्यांकडे कागद सांभाळायला माणसं असतात. या सोयीचा मान राखणं ग्राहकाचंही काम आहे.

आता या सगळ्यातली मूळ उणीव. आपल्याकडे चार्जबॅक चालतो तो कार्ड कंपन्यांच्या आपसातल्या नियमांवर. वस्तू न मिळाल्यास कार्ड देणारी बँकही जबाबदार आहे, असं सांगणारा कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्ये तो आहे, आणि त्याला पन्नास वर्षं झाली. बार्कलेकार्ड हे तिथलं पहिलं क्रेडिट कार्ड १९६६ मध्ये आलं. दोनच वर्षांत सरकारने उधारीच्या सगळ्या व्यवहाराचा विचार करायला जेफ्री क्राउदर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७१ च्या अहवालात समितीने मांडलेला विचार सरळ होता. उधारी देणारा आणि माल विकणारा दोघं मिळून धंदा करतात, दोघांनाही त्यात नफा आहे, तर माल न देण्याची जोखीम एकट्या ग्राहकाने का सोसायची? त्यातून १९७४ चा कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट आला आणि त्याचं कलम ७५. वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, आणि विकणाऱ्याने करार मोडला किंवा खोटी माहिती देऊन विकलं, तर क्रेडिट कार्ड देणारी बँक त्याच्याइतकीच जबाबदार. ग्राहकाने बँकेकडे थेट दावा करावा.

या कलमातली खरी ताकद पुढे आहे. किमतीचा थोडासा भाग जरी कार्डाने भरला असेल, तरी बँक पूर्ण किमतीला बांधलेली असते. कल्याणच्या त्या जोडप्याला चार्जबॅकने कार्डावरची रक्कम मिळाली आणि चेकची बुडाली. ब्रिटनमध्ये तीही मागता आली असती. मुदतही १२० दिवसांची नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये करारभंगाचा दावा करायला सहा वर्षं असतात. बँकेने आठ आठवड्यांत तक्रार निकाली काढली नाही किंवा नकार दिला, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे विनाशुल्क जाता येतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे याची परीक्षा झाली. मेड डॉट कॉम ही लंडनची फर्निचर कंपनी २०१० मध्ये सुरू झाली होती. तिचा धंदा मोठ्या गोदामांवर उभा नव्हता. ग्राहक सोफा निवडून पैसे भरायचा, मग ऑर्डर दूरच्या कारखान्यात जायची आणि माल जहाजाने यायचा. त्यामुळे किंमत कमी आणि वाट लांब. करोनाकाळात घरात अडकलेल्या लोकांनी तिच्याकडून भरपूर खरेदी केली, जून २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुढे जहाजांचं भाडं चढलं, महागाईने लोकांनी हात आखडला, आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. तिचं नाव आणि वेबसाइट नेक्स्ट या कंपनीने विकत घेतली, पण लोकांच्या राहिलेल्या ऑर्डरी त्या सौद्यात नव्हत्या. ज्यांनी थेट खात्यातून पैसे पाठवले होते ते धनकोंच्या रांगेत शेवटी उभे राहिले. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्डाचा व्यवहार होता ते आपल्या बँकेकडे गेले.

अमेरिकेतही १९७४ चाच कायदा आहे. न मिळालेली वस्तू तिथे ‘बिलातली चूक’ धरली जाते, आणि बिल पाठवल्यापासून साठ दिवसांत लेखी हरकत घ्यायची असते. उशिरा पोचणाऱ्या खरेदीला ती मुदत फारच तोकडी आहे. त्या बाबतीत मी ब्रिटनचाच कायदा चांगला मानते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००७ मध्ये तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने लॉइड्स टीएसबीच्या खटल्यात निर्णय दिला की कलम ७५ देशाबाहेर केलेल्या खरेदीलाही लागू आहे. म्हणजे लंडनहून लग्नाच्या खरेदीला आलेली तुमची मुलगी पुण्यातल्या एखाद्या शोरूममध्ये आपल्या ब्रिटिश क्रेडिट कार्डाने फर्निचरची ऑर्डर देते, तेव्हा तिची बँक त्या शोरूमच्या शब्दाला कायद्याने बांधलेली असते. त्याच काउंटरवर तुम्ही तुमच्या भारतीय कार्डाने तीच ऑर्डर दिलीत, तर तुमच्या बँकेवर असं काही बंधन नाही. एकच दुकान, एकच सोफा, एकच तारीख, आणि आईपेक्षा मुलीचा हक्क मोठा. हे मला मनापासून खुपतं.

आपल्याकडे अडचण आल्यावर काय करायचं ते थोडक्यात सांगते. बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपाल बँकेची सेवा तपासतो. दुकानदाराला शिक्षा करणं त्याच्या हातात नाही. दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि दोन वर्षांत जावं लागतं. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. आयोगाचा आदेश मिळाला तरी बुडालेल्या दुकानाकडून वसुली कठीण असते, म्हणून कार्डाचा रस्ता मुदतीत असेतोवर तो आधी धरा.

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे या कार्यकर्त्यांचा मोठा रेटा होता. आता मागणी एका कलमाची आहे. ठरावीक किमतीच्या वर, कार्डाने थोडी जरी रक्कम भरलेली असेल, तर वस्तू न मिळाल्यास कार्ड देणारी बँक दुकानदाराइतकीच जबाबदार. बँका या व्यवहारांवर शुल्क कमावतात, व्याज कमावतात, त्यांनी जबाबदारीतही वाटा उचलावा. ग्राहक संघटनांनी ही मागणी रिझर्व्ह बँकेकडे आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे लेखी मांडावी, आपल्या खासदाराला पत्र लिहावं. ज्यांचे ॲडव्हान्स बुडाले आहेत त्यांनी आपल्या पावत्या आणि बँकेची उत्तरं या संघटनांकडे द्यावीत. कायदा करणाऱ्यांसमोर ठेवायला तोच पुरावा लागेल.